दंडावरची गाठ

श्री

सांगली, ता. ३ एप्रिल १९४६

ती. सौ. शालूअक्का हीस,
धाकट्या आकारामाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढं वाच. मागलं पत्र टाकलं तवा मी एका तमाशाच्या फडाबरोबर सामानाच्या गाडीवर होतो. तिथं ढोलकीवाल्याचं आणि माझं बिडीवरून बिनसलं. मग मिरजेला एका सतारी करणाऱ्याकडं भोपळे वाळवायला राहिलो. अक्का, सतारीचा भोपळा दिसायला आपल्या परड्यातल्यासारखाच, पण कडू जहर असतो. कुणी सांगायच्या आधी मी चाखून बघितला. ते असो.

आता मात्र ठिकाणाला लागलो आहे. शेवटी थोरला भाऊच कामाला आला, मानसिंगदादानं मला त्याच्या तालमीत ठेवून घेतलं. पहाटे आखाड्याची माती उकरायची, ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची, पैलवानांची थंडाई वाटायची, आणि संध्याकाळी दादाचं अंग रगडायचं. दादाचं अंग म्हणजे म्हैस धुतल्यासारखं काम. एका पायाला तेल लावून दुसऱ्यापाशी येईस्तोवर पहिला वाळलेला असतो. तो पालथा पडून घोरतो आणि मी मनातल्या मनात चार गावं फिरून येतो.

बातमी ही की वैशाखातल्या आखितीच्या दुसऱ्या दिवशी इथं नदीच्या वाळवंटात कुस्त्यांचं जंगी मैदान आहे. हळदीचे व्यापारी लालासाहेब भरवतात. शेवटची कुस्ती आपल्या दादाची, पंजाबच्या एका मल्लाशी. सारी उमर माती खाल्ली ती ह्या एका कुस्तीसाठी, असं दादा म्हणतो. आणि ऐक, त्यानं आपल्या ज्ञानूदाजींचीही जोड लावली! मिरजेच्या चांदसाहेबांशी. छापील जाहिरातीत नाव आलंय. जाहिरात सोबत घातली आहे, दाजींना दाखव, पण एकदम दाखवू नको, हातातली भाकरी पडंल.

दादा मध्यंतरी तापानं पडला होता. मिरजेला कुणाकडं तरी जाऊन आला आणि आल्या आल्या अंग मोडून निजला. रगडताना डाव्या दंडावर सुपारीएवढी गाठ माझ्या हाताला लागली. जरा दाबली तर असा गुरकावला की मी तेलाच्या वाटीत बसलो. मुद्गल फिरवताना लचक भरली म्हणाला. तिथं हात लावायचा न्हाई आणि तालमीत कुणाला सांगायचंही न्हाई, गडी दुखावलाय हे कळलं तर पंजाब्याचं फावतं. आता गाठ जिरत आली. तू दाजींना सांगू नको.

सासूबाईंना दंडवत. माझ्या वाटणीचा लोभ बाजूला काढून ठेव, मी येऊन घेईन.

तुझा भटका भाऊ,
आकाराम

*

श्री

उंब्रज, ता. २३ एप्रिल १९४६

चि. आकाराम यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू भोपळा चाखलास हे वाचून सासूबाई इतक्या हसल्या की त्यांचा पदर चुलीत जाता जाता राहिला. त्यांनी विचारलंय की तमाशातून निघालास, भोपळ्यातून निघालास, आता दादाच्या तेलातून कवा निघणार? अक्षर तेवढं सुधार. मास्तरांनी चौथीत तुझ्या हातावर मारलेल्या छड्या अगदीच वाया गेल्या.

तुझे दाजी जाहिरात खिशात घालून हिंडतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बोट ठेवून नाव दाखवतात. म्हैस त्यांच्यासाठीच दूध देते असं घरात ठरलंय. आम्ही बाकीची माणसं कोरा चहा पितो. पहाटे तालमीत त्यांनी ठोकलेला शड्डू घरापर्यंत ऐकू येतो, तेवढ्यावरच मी उठते.

आता विचारायचं ते विचारते, हे चेष्टेवारी नेऊ नको. नदीच्या खालच्या अंगाला वांत्या-जुलाबाची पटकी दिसली म्हणून इथं चावडीत सरकारी डॉक्टर सुई घेऊन बसलाय. जत्रेला, मैदानाला जाणाऱ्यांनी टोचून घ्यावं अशी दवंडी झाली. मी घेणार आहे. यांना म्हटलं, तुम्ही आधी घ्या, एवढ्या माणसांत उतरणार तुम्ही. तर तालमीतली सगळी पोरं एका सुरात म्हणाली की सुईनं पैलवानाचा दंड उतरतो. आमचे शेजारी बाळासो नुकतेच लढाईवरून आलेत. ते म्हणाले, मला मिसरात टोचलं, इटलीत टोचलं, बोटीवर टोचलं, इतक्या सुया खाल्ल्या की पाणी पिलं तर अंगातून गळंल. चार रोज हात जड होतो, पुन्हा बैल जुपायला मोकळा. पण बाळासो पैलवान नव्हेत, त्यांचं कोण ऐकतो!

हे म्हणतात, मानसिंगदादा घे म्हणाले तर आत्ता चावडीत जातो, नको म्हणाले तर ब्रह्मदेव आला तरी नाही. तवा दादाला विचार आणि लगोलग कळव. डॉक्टर थोडेच दिवस आहे. पैलवानाचं पैलवानालाच कळणार, म्हणून मी पण सगळं दादाच्या शब्दावर ठेवलंय.

तुम्हा दोघा भावांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणारी,
अक्का

*

श्री

सांगली, ता. २७ एप्रिल १९४६

ती. सौ. अक्का हीस,
आकारामाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तवा मी लॉरीवर होतो. लालासाहेबांनी मला जाहिरातीच्या कामाला लावलंय. एक हलगीवाला, एक पत्र्याचा भोंगा आणि मी. गावाच्या वेशीवर उभं राहायचं आणि घसा फाटेस्तोवर सांगलीला चला म्हणून ओरडायचं. एका गावात लॉरीमागं गाढव लागलं. हलगी वाजली की चालायचं, थांबली की थांबायचं. त्यालाही मी मैदानाचं आमंत्रण दिलं. येवढी माणसं येणार म्हणतात की वाळवंट दिसायचं न्हाई. तुमच्याकडचं मीच करणार होतो, पण दादा म्हणाला, उंब्रजला ज्ञानू आहे, तो गाडीभर माणसं आणील.

दादाला विचारलं. तो खुराकाला बसला होता. हातातली वाटी त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाला की नको. कुस्ती तोंडावर आली आणि आता सुई घेतली तर ताप येतो, दंड सुजतो, पकड सुटते. चांदसाहेब ढाक मारणारा गडी, दाजींचा डावा हात जड असला तर तो पहिल्या झपाट्यात अस्मान दाखवील. जोड छापून गेली, आता माघार म्हणजे तोंड लपवायची पाळी. आणि सांगलीत पटकी-बिटकी काही न्हाई, उन्हाळा आहे, माणसं शिळंपाकं खातात आणि पोटं बिघडवून घेतात. मी म्हटलं, तू कवा घेतलीस का रं दादा सुई? तर हसला आणि म्हणाला, पैलवानाचं अंग हेच औषध.

तालमीमागं नावाड्यांची आळी आहे, तिथली दोनचार दारं बंद दिसली म्हणून मी लालासाहेबांना सहज विचारलं. ती माणसं सोयरिकीला गेलीत म्हणाले. लग्नसराईच आहे म्हणा.

अक्का, आई-बा गेले तवा मी केवढा होतो मला आठवत न्हाई, पण दादाच्या खांद्यावरून बाजार बघितलेला आठवतो. त्याचा शब्द आजवर कवा खाली पडला? दाजींना म्हणावं बिनघोर या.

माया आहे तेवढी राहू दे, कमी झाली तर मी भांडायला येईन.

तुझा,
आकाराम

*

सांगली, ता. २८ एप्रिल १९४६

चि. ज्ञानू यास मानसिंगचा आशीर्वाद.

आकारामनं कळवलं असेलच, तरी माझ्या हातचं कार्ड असावं म्हणून टाकतो. सुईच्या भानगडीत पडू नये. आयुष्याची कुस्ती असल्या कारणानं घालवू नये. तालमीतल्या बाकी पोरांनाही माझं नाव घेऊन हेच सांगणे. पोरं गाडीभरून आण, मैदान भरलेलं दिसलं पाहिजे. थंडाई आपल्या तालमीची, पोटभर. चि. शालूस आशीर्वाद. पैलवानाच्या बायकोनं भित्रं असू नये म्हणावं.

बाकी मातीत भेटू.

मानसिंग

*

उंब्रज, ता. ८ मे १९४६

चि. आकाराम यास आशीर्वाद.

सांगलीला गूळ घेऊन जाणाऱ्या लॉरीवाल्याच्या हाती हे देते. तो थांबलाय.

तुझे दाजी मैदानावरून हसत आले. कुस्ती बरोबरीत सुटली, चांदसाहेबांनी स्वतःच्या हातानं यांच्या पाठीवरची माती झाडली, एका तांब्यानं दोघं थंडाई प्याले, हे सांगताना त्यांचं तोंड थांबत नव्हतं. दादानं पंजाब्याला चीत केलं तो डाव अंगणात करून दाखवला, सासूबाईंना पंजाबी करून.

आज सकाळपासून वांत्या आणि जुलाब. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. पिंढऱ्यांत गोळे येतात. एवढ्या माणसाचा हात, तो माझ्या हातात लहान लेकराच्या हातासारखा लागतो. बरोबर गेलेली तालमीतली आणखी दोघं पडलीत. बाळासो सायकलनं कराडला डॉक्टर आणायला गेलेत.

दादाला घेऊन ये. दादा दिसला की हे उठून बसतील. लिहायचं राहिलं ते समजून घे.

शालू

*

श्री

उंब्रज, ता. २० मे १९४६

ती. मानसिंगदादा यांस,
आकारामाचा नमस्कार वि. वि.

मी पोचलो तवा दाजींना नेऊन माणसं परत आली होती. तू मिरवणूक झाली की येतो म्हणाला होतास. इथं रोज कुणी ना कुणी विचारतं, मानसिंगदादा कवा येणार? आधी मी सांगायचो, उद्या. आता सांगत न्हाई.

तालमीतलीही दोन्ही पोरं गेली. गं. भा. अक्का जेवते, पाणी भरते, म्हशीखालचं शेण काढते. फक्त पहाटे उठत न्हाई. शड्डू ऐकू येत न्हाई म्हणते, मग पहाट झाली कशी कळणार? सासूबाई मरीआईवर सगळा राग काढतात. परवा देवळाकडं तोंड करून असल्या शिव्या दिल्या की पुजारी आत जाऊन बसला.

डॉक्टर घरोघर विचारत फिरतो की सांगलीच्या मैदानाला कोण गेलं होतं. निम्म्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं निघतं. मग अशीही घरं निघतात की ज्यातलं कुणीच गेलं न्हाई आणि तरी माणूस गेलं. ओढ्यापलीकडची एक म्हातारी तर उंबऱ्याबाहेरही पडत नव्हती. मी विचारलं, डॉक्टरसाहेब, मग मैदानानं आणली का न्हाई? तर म्हणाला, छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाई. लग्नांची वऱ्हाडं हिंडतात, लढाईवरची माणसं गाड्या भरून परत येतात, आणि नदी तर सगळ्यांचीच. पण एवढी माणसं एका वाळवंटात, एका झऱ्याचं पाणी पिऊन गावोगाव गेली, तवा मैदानाचा यात हात न्हाई असंही तो म्हणायला तयार न्हाई. मी आपला विचार करत बसलो. ती थंडाई मीच वाटली होती, नदीकाठच्या झऱ्याच्या पाण्यात. आणि गावोगाव भोंगा घेऊन ओरडलो तोही मीच.

पण लिहायचं ते हे न्हाई. माझं नेहमी असंच होतं, निघतो एकीकडं आणि जातो भलतीकडं.

येताना कराडला गाडीतून उतरलो तर फाटकाशी सगळ्यांना रांगेत टोचत होते. मलाही टोचलं. अक्काच्या घरी येऊन तापानं पडलो. दुखवट्याच्या घरात माणसं तिला भेटायला येत होती आणि ती मला शेकत होती. ताप उतरल्यावर अंघोळ करताना हात दंडावर गेला.

दादा, ती गाठ माझ्या हाताला ओळखीची होती.

सुपारीएवढी. डाव्या दंडाला, वरच्या अंगाला, कातडीखाली. दाबली की तशीच कळ. मला हिशेब येत न्हाई, शुद्धलेखन येत न्हाई, पण तुझं अंग माझ्या हातांना पाठ आहे. लचक भरली की शीर धरते, ती लांबट लागते. ही तशी नव्हती. मी अंघोळीच्या दगडावर तसाच बसून राहिलो. सासूबाईंनी हाक मारली, बुडलास का काय म्हणून.

तू मिरजेला कशाला गेला होतास? तुला कुणी सांगितलं होतं? आणि मी तुला तोंडावर विचारलं, तू घेतलीस का म्हणून, तवा तू हसलास ते कशाला? मी तुझं उत्तर जसंच्या तसं अक्काला लिहिलं. माझ्या वाईट अक्षरात, पण एक शब्द बदलला न्हाई.

अक्काला अजून बोललो न्हाई. तुझं उत्तर येईस्तोवर थांबतो.

आकाराम

*

श्री

सांगली, ता. ४ जून १९४६

चि. आकाराम यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. धाकट्यानं मोठ्याला असं लिहायचं नसतं. तुझं वय आणि तुझं डोकं बघून सोडून देतो. ज्ञानू गेला त्याचं दुःख मला तुझ्यापेक्षा कमी नाही. त्याला पहिला लंगोट मी बांधला होता.

सुई घेतली. लपवायचं काय त्यात? लालासाहेबांनीच मला आणि त्या पंजाबच्या गड्याला गुपचूप मिरजेला नेलं. मैदान आमच्या दोघांवर उभं होतं, आम्ही आडवे झालो असतो तर काय उरलं असतं? मी आधी घेतली म्हणून दंड मोकळा व्हायला सवड मिळाली. ज्ञानूनं विचारलं तवा सवड राहिली नव्हती. वस्ताद म्हणून जे सांगायचं तेच मी सांगितलं. उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तरी तेच सांगीन.

नावाड्यांच्या आळीत पटकीनं माणसं गेली होती हे ठाऊक होतं. पण बोभाटा झाला असता तर मैदान मोडलं असतं. माझं वय तुला माहीत आहे. असली कुस्ती पुन्हा माझ्या वाट्याला यायची नव्हती. तुम्हा दोघांना वाढवताना माझी चांगली वर्षं गेली, ती मी कधी बोलून दाखवली का?

राहता राहिली पटकी. ती मैदानानं आणली याला काय पुरावा? दर उन्हाळ्यात येते, मैदान नसलं तरी येते. तुझा डॉक्टरसुद्धा छातीवर हात ठेवायला तयार नाही, मग तू कोण?

शालूजवळ यातलं काही बोलू नको. आहे ते दुःख तिला पुरे. पंचमीला तिला माहेरपणाला आणायला गाडी आणि लुगडं पाठवतो. तूही परत ये. रगडायला इथं कुणी धड मिळत नाही.

घरचा वडील या नात्यानं मान राखशील ही अपेक्षा.

मानसिंग

*

श्री

उंब्रज, ता. १६ जुलै १९४६

ती. दादा यांस,
शालूचा नमस्कार.

आकारामनं तुझं पत्र मला दाखवलं. दाखवू नको असं तू लिहिलेलं होतंस, तेही वाचलं. त्याच्यावर रागावू नको. तो चूल फुंकता फुंकता एकाएकी रडायला लागला, तवा मीच त्याच्याकडून काढून घेतलं.

मैदानानं पटकी आणली का नदीनं, ते मला कळत नाही. डॉक्टरलाही कळत नाही. तेवढ्यापुरतं तुझं खरं धरते. सुई घेऊनही माणसं जातात, असंही डॉक्टर म्हणाला. तेही धरते. पण दादा, यांनी मैदानाला विचारलं नव्हतं. नदीला विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं.

सवड नव्हती म्हणतोस. तुला सवड होती तवाच एक कार्ड टाकलं असतंस, ज्ञानू, मी घेतली, तूही घे, कुणाला बोलू नको. यांनी जीभ कापून ठेवली असती पण बोलले नसते. तुझ्या एका शब्दावर ते आयुष्यभर तोंड मिटून बसले असते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मैदान ज्यांच्यावर उभं होतं त्यांना तुम्ही टोचून आणलं. माझं घर ज्याच्यावर उभं होतं तो तुमच्या मोजणीत नव्हता.

तू आम्हाला वाढवलंस. त्याचं मी रोज नाव घेते. म्हणूनच हे इतकं लागलं.

आता माझं मागणं ऐक. पावसानं ओढा भरला आणि वरच्या गावात पटकी पुन्हा दिसली. डॉक्टर परत आलाय. आता चावडीत न बसता तो रोज तालमीच्या दारात येऊन बसतो, कारण तिथलीच पोरं टोचून घेत नाहीत. तुझं कार्ड यांनी कौतुकानं तालमीच्या भिंतीला चिकटवलं होतं. ते अजून तिथंच आहे. डॉक्टर काही बोलला की पोरं त्या कार्डाकडं बोट करतात. बरोबरची तिघं गेली तरी दादाचा शब्द काही जात नाही.

पंचमीला गाडी पाठवू नको. लुगडं पाठवू नको. तू ये. तालमीत उभा राहा, अंगातला सदरा काढ, आणि सांग की मी सुई घेतली होती, आणि घेऊनच पंजाब्याला पाडलं. एवढंच. माझ्याशी काही बोलला नाहीस तरी चालेल. मग मी मुकाट्यानं तुझ्याबरोबर माहेराला येईन.

वाट बघते. अजून बघते.

शालू

*

उंब्रज, ता. ६ ऑगस्ट १९४६

मानसिंगदादास,
आकारामाकडून.

पंचमीला तुझी गाडी आली. बैलांच्या शिंगांना गोंडे होते, आत लुगडं होतं, तू नव्हतास. गाडीवान म्हणाला, दादांचा कोल्हापूरला सत्कार आहे.

अक्का सकाळपासून ओट्यावर बसून होती. आळीतल्या बाया झोका घ्यायला बोलवून गेल्या, ती उठली न्हाई. गाडी दिसली तवा उठली. आत वाकून बघितलं. गाडीवानाला पाणी दिलं, दिंडं खायला घातली, बैलांपुढं वैरण टाकली आणि गाडी रिकामी परत लावली. लुगडं तेवढं ठेवून घेतलं. मला वाटलं, विरघळली. बाईमाणूस, माहेरचं लुगडं.

तर ती लुगडं काखेला मारून सरळ तालमीकडं निघाली. मागनं सासूबाई, त्यांच्यामागं मी. वाटेत मी तिला काय काय सांगत होतो, मलाच आठवत न्हाई. तुला ठाऊक आहे, तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नसतं. लहानपणी ती तुझी भाकरी घेऊन यायची तवा तूच तिला उंबऱ्याबाहेर थांबवायचास, ऊन असो का पाऊस. उंबऱ्याशी ती थांबली. वाहाणा काढल्या, मारुतीपुढं काढतात तशा, आणि आत गेली.

पोरं जोर मारत होती, तशीच अधांतरी राहिली. एक म्हातारा पैलवान ओरडला की माती बाटवली. अक्कानं त्याला सांगितलं, मामा, ह्या मातीतली तीन माणसं मी पोचवली, आता बाटायचं काय राहिलं? मग तिनं भिंतीवरच्या कार्डाकडं बोट केलं आणि ज्या हातानं ते लिहिलं त्याच्या जोडीच्या हातात आधी सुई टोचून घेतली होती, हे सगळ्यांना सांगितलं.

कुणाला पटलं न्हाई. मानसिंगदादा असं करायचे न्हाईत म्हणाले. एक पोरगा तर रडकुंडीला आला, अक्का, तुमचं दुःख आम्हाला कळतंय पण दादांच्या नावाला बट्टा लावू नका म्हणाला. मग मला पुढं व्हावं लागलं. मी सदरा काढला. मला काय पैलवानाचं अंग न्हाई, बरगड्या मोजून घ्याव्यात असं, पोरं एरवी हसली असती. मी दंडावर जागा दाखवली, तेल लावताना काय हाताला लागलं ते सांगितलं, आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. असली कुस्ती पुन्हा वाट्याला यायची नव्हती, ही त्यातली तुझी ओळ मी दोनदा वाचली. पोरं कार्डाकडं बघत होती. दादा, त्यांची तोंडं बघायला तू पाहिजे होतास. माझंही तोंड त्या दिवशी अंघोळीच्या दगडावर तसंच झालं असणार.

सासूबाईंनी सगळं तिथंच पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं आता तुला शिव्या, देवीला दिल्या तशा. तर त्या डॉक्टरपुढं जाऊन बसल्या, चोळीची बाही वर केली आणि सुरकुतलेला हात पुढं धरला. टोचून झाल्यावर पोरांकडं वळून म्हणाल्या, चला, या आता पैलवान. बाळासो दाराशी होते, ते म्हणाले, म्हातारीची जोड कुणाशी लावायची बोला. तवा पहिला पोरगा उठला. जो रडकुंडीला आला होता तोच.

सगळ्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी सगळी तालीम कण्हत पडली होती. अक्कानं तुझं लुगडं उभं फाडलं, त्याच्या पट्ट्या केल्या, आणि गरम पाण्यात पिळून एकेकाच्या दंडाला बांधल्या. चांगलं निळं लुगडं होतं, काठ जरीचा. काठाची पट्टी मिळावी म्हणून पोरं भांडली.

कार्ड कुणी काढलं न्हाई. अक्काच नको म्हणाली, ज्यानं लिहिलं त्यानंच येऊन काढावं म्हणून.

मी परत येणार न्हाई. पाय माझे नेहमीचेच आहेत, रस्ता दिसला की खाजतात, पण इथली माती उकरायला कुणी न्हाई, तवा सध्या उकरतो. तुझं अंग रगडायला दुसरा कुणी बघ. लोभाची ओळ इथं लिहायची असते. माझ्याच्यानं लिहवत न्हाई.

अक्कानं निरोप सांगितलाय की तिचं मागणं बदललेलं न्हाई. कवाही ये. घराकडं नको, आधी तालमीत. आणि सदरा काढून.

आकाराम